आयसीयूत प्लेटलेट घसरल्या आणि हेपॅरिन चालू आहे : ‘हिट’चा संशय कधी घ्यायचा?

श्रावणसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आयसीयूत काम करते. ‘हेपॅरिनमुळे प्लेटलेट कमी झाल्या असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे नक्की काय झालं?’ हा प्रश्न इथल्या आरोग्याच्या धाग्यांवर अधूनमधून येतो आणि दोन ओळींच्या उत्तरात संपतो. विषय तेवढ्यात मावणारा नाही, म्हणून हा वेगळा धागा. डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले सगळ्यांनी भर घालावी. नातेवाइकांनीही न संकोचता विचारावं.

हेपॅरिन रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतात. बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, किंवा पलंगाला खिळलेल्या माणसाच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटावर दिलेलं रोजचं इंजेक्शन, असं ते आयसीयूत जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं. प्लेटलेटमधून पीएफ४ नावाचं एक प्रथिन बाहेर पडतं. हेपॅरिन त्याला चिकटतं, त्या प्रथिनाचं रूप बदलतं आणि काही जणांचं शरीर त्याला परकं समजून आयजीजी अँटिबॉडी तयार करतं. ही अँटिबॉडी त्या जोडगोळीसकट प्लेटलेटवर बसते आणि प्लेटलेटला चेतवते. चेतलेल्या प्लेटलेट गुठळ्या करत सुटतात आणि त्यातच खर्ची पडतात. हाच तो हिट, म्हणजे हेपॅरिन-इंड्यूस्ड थ्रॉम्बोसायटोपेनिया. रिपोर्टवर प्लेटलेट कमी दिसतात तेव्हा आपल्या मनात रक्तस्रावाची भीती येते, पण या आजारात माणूस दगावतो किंवा पाय गमावतो तो गुठळीमुळे. १९५८ मध्ये वाइसमन आणि टोबिन या अमेरिकन डॉक्टरांनी हेपॅरिन चालू असतानाच धमन्यांत गुठळ्या झालेले रुग्ण नोंदवले होते. अँटिबॉडीचं लक्ष्य पीएफ४ आणि हेपॅरिनची जोडी आहे, हे कळायला १९९२ उजाडलं.

आता अडचण अशी की आयसीयूत प्लेटलेट कमी होणं ही रोजची गोष्ट आहे. तिथल्या ३० ते ५० टक्के रुग्णांत कधी ना कधी त्या घसरतात. सेप्सिस (जंतुसंसर्गानं सगळं शरीर कोलमडणं), डीआयसी (अंगभर बारीक गुठळ्या होऊन गोठण्याचे घटक संपणं), यकृताचे आजार, भरपूर रक्त आणि सलाईन दिल्यानं झालेली पातळणी, हृदयाला आधार देणारा बलून पंप, लिनेझोलिड, पिपरॅसिलिन, व्हॅल्प्रोएट यांसारखी औषधं… कारणांना तोटा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो यांची भर. या सगळ्या गर्दीत खरा हिट असतो आयसीयूतल्या हजार रुग्णांमागे जेमतेम तीन ते पाच जणांना. तो हुकला तर पाय जातो. नसताना चिकटवला तर आजारी माणसाला उतारा नसलेलं महागडं रक्त पातळ करणारं औषध सुरू होतं आणि ‘हेपॅरिनची ॲलर्जी’ हा शिक्का जन्मभर फाइलवर राहतो.

म्हणून मी आधी तारीख बघते, आकडा नंतर. हेपॅरिनचा पहिला डोस कधी गेला? अगदी पहिला. त्या दिवसाला शून्य धरायचं. नव्यानं अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे खऱ्या हिटमधली घसरण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होते. दुसऱ्या दिवशी घसरण सुरू झाली आणि मागच्या तीन महिन्यांत हेपॅरिन कधी मिळालेलं नाही, तर हिटची शक्यता फारच कमी. पण महिन्याभरापूर्वी अँजिओग्राफीत हेपॅरिन मिळालेलं असेल तर अँटिबॉडी रक्तात तयार बसलेली असू शकते आणि नव्या डोसनंतर चोवीस तासांच्या आत प्लेटलेट कोसळू शकतात.

इथेच आपल्याकडचा खरा घोळ होतो. रुग्ण तालुक्याच्या नर्सिंग होममधून जिल्ह्याला आणि तिथून पुण्या-मुंबईला येतो. आमच्या कागदावर हेपॅरिनचा पहिला दिवस आज असतो, पण रुग्णाचा तो सहावा असतो. रेफरल चिठ्ठीवर ‘अँटिबायोटिक, आयव्ही फ्लुइड, इतर उपचार दिले’ एवढंच. मी नातेवाइकांना थेट विचारते, ‘पोटावर बारीक सुईची इंजेक्शनं देत होते का? कधीपासून?’ आणि बिलं मागवते. औषधाच्या दुकानाच्या बिलावर तारीख असतेच.

दुसरी गोष्ट घसरणीच्या मापाची. घसरण मोजायची ती हेपॅरिन सुरू झाल्यानंतरच्या सर्वात वरच्या आकड्यापासून. ऑपरेशननंतर आठवड्याभरात प्लेटलेट पुष्कळदा चढतात. ४ लाख ४० हजारांवरून कोणी १ लाख ९० हजारांवर आला, तर रिपोर्टवर लाल खूण येत नाही, कारण आकडा दीड लाखाच्या वर आहे. पण निम्म्याहून जास्त प्लेटलेट गेल्या! उलट, प्लेटलेट ८ हजारांवर आल्या असतील तर कारण बहुधा वेगळं. हिटमध्ये आकडा साधारण ५०-६० हजारांच्या आसपास थांबतो, २० हजारांखाली क्वचितच जातो.

वॉर्ड_सात

मॅडम, उत्तम धागा. मी रेसिडेंट आहे. आमच्याकडे प्लेटलेट लाखाच्या खाली गेल्या की ‘हिटची टेस्ट पाठवून दे’ असं सांगितलं जातं. फोर-टी स्कोअर आम्ही पाठ केला आहे, पण आयसीयूत तो खरंच चालतो का? प्रत्येकाला दुसरं काहीतरी कारण असतंच, मग चौथ्या टीला सगळ्यांनाच शून्य पडतं.

श्रावणसरी

@वॉर्ड_सात, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. फोर-टी म्हणजे चार प्रश्न : प्लेटलेट किती घसरल्या, कधी घसरल्या, नवी गुठळी आहे का, आणि घसरणीला दुसरं कारण आहे का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बेरीज तीन किंवा कमी आली तर शक्यता कमी, चार-पाच मध्यम, सहा ते आठ जास्त.

या स्कोअरची ताकद नकारात आहे. तो कमी आला तर हिट नसण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर. २०१२ मध्ये कुकर आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात हे ठसठशीत दिसलं. पण त्याच आढाव्यात मध्यम स्कोअरवाल्यांपैकी खरा हिट निघाला साधारण १४ टक्क्यांना, आणि जास्त स्कोअरवाल्यांपैकीही ६४ टक्क्यांनाच. म्हणजे ‘नाही’ म्हणताना तो भरवशाचा, ‘हो’ म्हणताना अर्धाकच्चा. स्कोअर तीन किंवा कमी असेल तर टेस्ट पाठवू नका आणि हेपॅरिनही बंद करू नका. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही हेच आहे. अट एकच, स्कोअर ज्या माहितीवर काढला ती पक्की हवी. पहिल्या डोसची तारीखच माहीत नसेल तर तो स्कोअर कमी समजून निवांत बसायचं नाही.

चौथ्या टीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथे मी वेगळा प्रश्न विचारते : हे दुसरं कारण *या* दिवसाची घसरण समजावून देतं का? सेप्सिस पहिल्या दिवसापासून आहे, रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनालिन कमी होत आलंय, रक्तातलं लॅक्टेट (शॉकचं माप) उतरलंय, प्लेटलेट दोन दिवस वर येत होत्या आणि सातव्या दिवशी अचानक निम्म्या झाल्या. अशा वेळी सेप्सिसवर सगळं ढकलून चालत नाही. रुग्ण सुधारत असताना प्लेटलेट पडल्या तर मी सावध होते.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजिस्टच्या बाजूनं काही गोष्टी.

सर्वात आधी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा नमुना घेतला की आकडा ठीक येतो. स्लाइडवर तुटक्या लालपेशी दिसल्या तर विचारांची दिशाच बदलते, टीटीपी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा वेगळा आजार) किंवा डीआयसीकडे जावं लागतं.

आता एलायझा, म्हणजे हिटची अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी. लोक रिपोर्टवर फक्त ‘पॉझिटिव्ह’ वाचतात. ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे ओडी, वाचतच नाहीत. बहुतेक किटमध्ये ०.४ च्या वर पॉझिटिव्ह छापून येतं. पण ०.४ ते १ च्या मधल्या ओडीमागे खरोखर प्लेटलेट चेतवणारी अँटिबॉडी असण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. ओडी २ च्या वर गेला की तीच ९० टक्क्यांच्या घरात जाते. रिपोर्टवर ओडीचा आकडा नसेल तर लॅबला फोन करून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

दुसरं, अँटिबॉडी असणं आणि आजार असणं यात अंतर आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर जवळपास निम्म्या रुग्णांत या अँटिबॉडी सापडतात, पण हिट होतो १ ते ३ टक्क्यांनाच. एलायझा निगेटिव्ह आली तर मात्र हिट बहुतांशी निकालात निघतो.

पक्कं निदान करायचं तर फंक्शनल टेस्ट लागते. निरोगी दात्याच्या प्लेटलेट, रुग्णाचं सीरम आणि थोडं हेपॅरिन एकत्र करून प्लेटलेट चेततात का ते बघायचं. सेरोटोनिन रिलीज ॲसे ही त्यातली सर्वात मानाची, १९८६ मधली. किरणोत्सारी सेरोटोनिन लागतं म्हणून मोजक्याच लॅबमध्ये होते. जास्त हेपॅरिन घातल्यावर प्रतिक्रिया विझली पाहिजे, हा तिचा दुसरा पुरावा.

रात्रपाळी

मी आयसीयूत सिस्टर आहे. डॉक्टर फाइलवर ‘स्टॉप हेपॅरिन’ लिहितात, इन्फ्यूजन पंप बंद होतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण हेपॅरिन कुठे कुठे असतं ते सांगते. आर्टेरियल लाइनच्या प्रेशर बॅगमध्ये सलाईनबरोबर घातलेलं असतं. डायलिसिस कॅथेटरच्या दोन्ही लुमेनमध्ये (आतल्या नळ्यांत) ती गोठू नये म्हणून लॉक म्हणून भरलेलं असतं. डायलिसिसचे टेक्निशियन बाहेरून येतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. सेंट्रल लाइनच्या फ्लशमध्ये असतं. काही कॅथेटरना तर आतून हेपॅरिनचा लेप असतो.

आमच्याकडे संशय आला की पलंगाच्या डोक्याशी लाल अक्षरांत ‘हेपॅरिन नको, फ्लशसुद्धा नको’ असा कागद लावतो. प्रेशर बॅग साध्या सलाईनची करतो, डायलिसिसचं लॉक सायट्रेटचं मागवतो आणि पुढच्या पाळीला तोंडी सांगतो.

आणखी एक. पेशंट झोपेच्या औषधावर असतो, पाय दुखतोय हे सांगू शकत नाही. म्हणून मी अंग पुसताना दोन्ही पिंढऱ्या हाताला सारख्या लागतात का ते बघते, पावलांची नाडी आणि गारवा बघते, आणि पोटावर इंजेक्शनच्या जागी काळपट किंवा लालबुंद चट्टा आहे का तेही. डायलिसिसचा फिल्टर पुन्हा पुन्हा गोठायला लागला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. आपण मशीनला दोष देत बसतो, पण कधी कधी तीच पहिली खूण असते.

श्रावणसरी

सिस्टर, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर टाचून ठेवावा असा आहे. फिल्टर गोठण्याचा मुद्दा तर आयसीयूत सोन्यासारखा. एक पुरवणी : रक्तस्राव थांबवायला देतात त्या प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्सच्या काही बनावटींतही हेपॅरिन असतं. डबीवर वाचूनच द्यावं.

थेम्सकाठी

मूळचा साताऱ्याचा, आता ब्रिटनमध्ये ॲनेस्थेशिया आणि क्रिटिकल केअर. ताई, बहुतेक सगळं पटलं, पण हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाबद्दल वेगळं लिहायला हवं. तिथे फोर-टी लंगडा पडतो. हार्ट-लंग मशीनवर गेलेल्या प्रत्येकाच्या प्लेटलेट पहिल्या तीन दिवसांत ४० ते ५० टक्के घसरतात, म्हणजे पहिल्या टीचे गुण जवळपास सर्वांना मिळतात.

तिथे बघायचं असतं ते वक्राचं रूप. समजा, ऑपरेशनआधी २ लाख ४० हजार. दुसऱ्या दिवशी १ लाख २० हजार. चौथ्या दिवशी १ लाख ७० हजार, पाचव्या दिवशी २ लाख १० हजार. इथपर्यंत सगळं अपेक्षित. सातव्या दिवशी १ लाख ३० हजार, आठव्या दिवशी ७८ हजार. ही दुसरी घसरण म्हणजे धोक्याची घंटा. याउलट दुसऱ्या दिवशी पडल्या आणि आठव्यापर्यंत वर आल्याच नाहीत, तर कारण बहुधा हृदय कमी पडणं, बलून पंप, सेप्सिस यांतलं असतं. संगणकावर आलेख काढून बघा, नुसत्या आकड्यांच्या रांगेत हे डोळ्यांना दिसत नाही.

औषधांवरही एक शंका. इथल्या चर्चांत पूर्वी हिटमध्ये हेपॅरिनऐवजी फॉन्डापॅरिनक्स हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुचवलेलं वाचलं होतं. आयसीयूत मी ते सहसा वापरत नाही. मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि अंगात फार वेळ राहतं. क्रिएटिनिन चढलेल्या, उद्या परत ओटीत जाऊ शकणाऱ्या माणसाला ते देणं मला धोक्याचं वाटतं.

श्रावणसरी

@थेम्सकाठी, दुसऱ्या घसरणीचं उदाहरण नेमकं दिलंत, धन्यवाद. फॉन्डापॅरिनक्सबद्दल अर्धं सहमत. मूत्रपिंड बिघडलेलं असेल, पुढे प्रोसीजर ठरलेली असेल तर नकोच. पण आयसीयूतून बाहेर पडायच्या बेतात असलेल्या, क्रिएटिनिन ठीक असलेल्या रुग्णाला दिवसातून एकदा त्वचेखाली देता येणारं हे औषध लहान गावातही मिळतं आणि परवडतं. ड्रिपचं औषध मिळत नाही म्हणून काहीच न देणं हा सर्वात वाईट पर्याय. नुसतं हेपॅरिन बंद करून थांबलेल्या रुग्णांत पुढच्या महिनाभरात निम्म्यांना गुठळी झाल्याचं वॉर्केंटिन आणि केल्टन यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं. हेपॅरिन थांबलं तरी अँटिबॉडी तिथेच असते.

ड्रिपनं द्यायच्या दोन औषधांपैकी आर्गाट्रोबान यकृतातून जातं, त्यामुळे कावीळ असलेल्या किंवा शॉकमधल्या रुग्णात डोस खूप खाली आणावा लागतो. बायव्हॅलिरुडिन लवकर उतरतं म्हणून ताज्या ऑपरेशनच्या रुग्णात मला ते सोयीचं वाटतं. दोन्हीचा डोस एपीटीटीवर (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) ठरतो, आणि डीआयसीमुळे एपीटीटी आधीच लांबलेला असेल तर तो आकडा फसवतो. तिथे हिमॅटॉलॉजिस्टला फोन करायलाच हवा.

स्कोअर जास्त असेल तर टेस्ट पाठवून त्याच घटकेला हेपॅरिन बंद आणि दुसरं औषध सुरू. रिपोर्ट यायला बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिवस जातात, नमुना बाहेरगावी जातो. तेवढे दिवस वाट बघायची नाही. आणि हेपॅरिन बंद करून एनॉक्झापॅरिन सुरू करणं हा बदल नाहीच. एनॉक्झापॅरिन हेही लो मॉलेक्युलर वेट, म्हणजे लहान रेणूंचं हेपॅरिनच; त्यानं हिट होण्याची शक्यता कमी असते हे खरं, पण एकदा झाल्यावर तीच अँटिबॉडी त्यालाही धरते.

कोकणकडा

मी डॉक्टर नाही. वडिलांची बायपास झाली. आठव्या दिवशी प्लेटलेट ६० हजार झाल्या म्हणून आम्हाला प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढीत पळवलं. चार पिशव्या चढवल्या. त्यानंतर डावा पाय निळा पडला. दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा हिट म्हणाले. पाय वाचला, दोन बोटं गेली. प्लेटलेट चढवल्यामुळे असं झालं का, हा प्रश्न घरात रोज निघतो. आईनं पिशव्यांसाठी रक्तदाते जमवले होते, ती स्वतःला दोष देते.

श्रावणसरी

@कोकणकडा, तुमच्या आईंना हे नक्की सांगा. पाय निळा पडला तो आजारामुळे. अँटिबॉडी त्याआधीच काम करत होती, प्लेटलेट घसरल्या होत्या हाच त्याचा पुरावा. हिटमध्ये रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट चढवू नयेत असं आम्ही सांगतो, कारण चढवलेल्या प्लेटलेटही त्याच अँटिबॉडीच्या तावडीत सापडतात आणि फायदा काही होत नाही. पण त्या पिशव्यांनीच गुठळी झाली असं कोणालाही म्हणता येणार नाही. रक्तपेढीनं मागितलं आणि आईंनी माणसं उभी केली, त्यात त्यांचं काहीही चुकलेलं नाही.

त्यांना नंतर वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी गोळी) दिलं का, आणि केव्हा?

कोकणकडा

ताई, खूप आभार. हे आईला वाचून दाखवतो. दुसऱ्या हॉस्पिटलात आधी ड्रिप होती, वॉरफेरिन बऱ्याच दिवसांनी, प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्यावर सुरू केलं.

श्रावणसरी

अगदी योग्य केलं त्यांनी. हिटच्या ऐन भरात वॉरफेरिन दिलं तर आधी प्रोटीन सी हे गुठळी रोखणारं प्रथिन उतरतं आणि पायाच्या बारीक शिरा गोठून गँगरीन होऊ शकतं, नाडी लागत असतानाही. आधीच दिलं गेलं असेल तर व्हिटॅमिन के देऊन ते उलटवतात.

पारावरच्या_गप्पा

एक भीतीपोटीचा प्रश्न. कोव्हिशील्डच्या वेळी प्लेटलेट कमी आणि गुठळ्या असं काहीतरी ऐकलं होतं. ते हेच का? आमच्या घरात सगळ्यांनी तीच घेतली होती.

सूक्ष्मदर्शी

चुलतभाऊ म्हणा. २०२१ च्या वसंतात युरोपात ॲस्ट्राझेनेकाची लस घेतलेल्या मोजक्या लोकांत मेंदूच्या शिरांत गुठळ्या आणि कमी प्लेटलेट असं चित्र दिसलं. तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोव्हिशील्ड म्हणून बनत होती. हिटवर वर्षानुवर्षं काम केलेल्या जर्मनीतल्या ग्राइनाखर यांच्या गटानं आणि नॉर्वेतल्या डॉक्टरांनी या रुग्णांत पीएफ४ विरुद्धच्या अँटिबॉडी शोधल्या, हेपॅरिनचा एकही डोस गेलेला नसताना. ही घटना अतिशय दुर्मीळ होती आणि लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली होती. इतक्या वर्षांनी तुमच्या घरात कोणी घाबरण्याचं कारण नाही.

लॅबवाल्यांसाठी नोंद : हिटच्या झटपट किटनी त्या अँटिबॉडी पुष्कळदा हुकवल्या, एलायझानं पकडल्या.

वॉर्ड_सात

मॅडम, शेवटचा प्रश्न. डेंग्यूचा रुग्ण, तापाचा पाचवा दिवस, प्लेटलेट ३५ हजार. डायलिसिस लागलं म्हणून काल हेपॅरिन मिळालं. आज कोणीतरी हिटची शंका काढली.

श्रावणसरी

पूर्वी हेपॅरिन मिळालेलं नाही ना? मग काल मिळालेल्या हेपॅरिननं आज हिट होत नाही. शिवाय घसरण हेपॅरिनच्या आधीची आहे. दुसरी आणि चौथी टी दोन्ही शून्य. टेस्ट नको. एवढ्या कमी प्लेटलेटमध्ये रक्तस्रावाच्या भीतीनं डायलिसिस हेपॅरिनशिवाय करा, ते वेगळ्या कारणासाठी योग्यच. पण रुग्ण सावरला, प्लेटलेट दोन लाखांवर गेल्या, मध्ये हेपॅरिन पुन्हा सुरू झालं आणि त्यानंतर आठव्या दिवशी त्या परत निम्म्या झाल्या, तर पुन्हा पहिल्यापासून स्कोअर काढा. स्कोअर एकदाच काढून फाइल बंद करायची नसते.

कोकणकडा

ताई, वडिलांना पुढे झडपेचं ऑपरेशन लागू शकेल म्हणतात. तेव्हा हेपॅरिन चालेल का?

श्रावणसरी

या अँटिबॉडी कायम राहत नाहीत, बहुतेकांत तीनेक महिन्यांत मावळतात. ऑपरेशन पुढे ढकलता येत असेल तर तोवर थांबतात. आधी अँटिबॉडीची तपासणी होईल. ती निगेटिव्ह आली तर फक्त ऑपरेशनच्या टेबलावर, तेवढ्या वेळापुरतं हेपॅरिन देता येतं. त्याच्या आधी आणि नंतर दुसरं औषध. तुम्ही एवढं करा : दुसऱ्या हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, ओडीचा आकडा असलेला एलायझाचा रिपोर्ट आणि रोजच्या प्लेटलेटचा तक्ता एका फाइलमध्ये ठेवा. सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना वेगवेगळं भेटून दाखवा, आणि डायलिसिस किंवा अँजिओग्राफी असली तरी तीच फाइल बरोबर न्या.